साडेसात हजार तुकड्यांचं यान आणि धुळ्याचा मे महिना

प्रश्न धुळ्याहून आला आहे, थोडक्यात असा:

"मी देवपुरात राहतो, बँकेत नोकरीला आहे, चाळिशी ओलांडलीय. लेगोचा, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटांचा, मोठा मिलेनियम फाल्कन घ्यायचं मनात आहे, 'स्टार वॉर्स' चित्रपटांतलं ते यान, संच क्रमांक ७५१९२. बोनसचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. बायकोची ना नाही, पण 'ठेवणार कुठे ते आधी सांगा' म्हणते. एवढ्या किमतीची ती वस्तू आहे का? आपल्याकडच्या उन्हात-धुळीत टिकेल का? पुढे भाव चढतो म्हणतात, ते कितपत खरं? चिनी 'सेम टू सेम' संच चौथ्या-पाचव्या हिश्श्यात मिळतो, तो घेतला तर? आणि सुटे तुकडे जमवून स्वस्तात पडेल का?"

दादा, आधी निकाल सांगतो, मग कारणं. यान घेण्यासारखं आहे. पण काचेच्या पेटीचे पैसे त्याच हिशेबात बसत असतील तरच घ्या. पेटीचं 'नंतर बघू' असेल, तर यानाचंही नंतरच बघा. मी जळगावात मॉडेल जोडायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो. भुसावळ, धुळे, नंदुरबारच्या हौशी मंडळींची यानं, विमानं, आगगाड्या माझ्या टेबलावर येतात. हा फाल्कनही जोडला आहे, आणि घर बदलताना टेम्पोत विस्कटलेला पुन्हा उभाही केला आहे. या यानाचं सगळं देखणेपण त्याच्या पाठीवर आहे आणि आपली धूळ नेमकी तिथंच बसते. पुढचं सगळं यातूनच निघतं.

पाठीचं म्हणतो ते काय, ते जरा नीट सांगतो. १९७७ च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'साठी या यानाचं मॉडेल बनवणाऱ्या कारागिरांनी बाजारात मिळणारी रणगाड्यांची, विमानांची, मोटारींची प्लॅस्टिक किटं फोडली आणि त्यातले सुटे भाग यानाच्या अंगावर चिकटवले. कुठल्याही भागाला काही काम नाही. पण पत्रा, नळ्या, झाकणं, जोड यांची अशी गर्दी दिसली की डोळा फसतो आणि हातात मावणारी वस्तू जहाजाएवढी वाटायला लागते. आमच्या धंद्यात या बारीक नक्षीला ग्रीबल म्हणतात. लेगोवाल्यांनी तीच युक्ती विटांच्या भाषेत केली आहे. नळाची तोटी, पकड, दांडी, जाळी, गोल चकती, असले खेळातले किरकोळ तुकडे आडवे-उभे बसवून त्यांनी इंजिनाच्या बाजूचा भाग आणि कडेच्या सगळ्या पट्ट्या भरल्या आहेत. खिडकीतून तिरपा उजेड पडला की प्रत्येक तुकड्याची बारीक सावली शेजारच्यावर पडते, आणि करड्या रंगाच्याच दहा छटा दिसायला लागतात. हे फोटोत येत नाही. संचाच्या खोक्यावरच्या फोटोत तर अजिबातच येत नाही.

आकडे तुम्हाला ठाऊक असतील, तरी हिशेबासाठी पुन्हा. तुकडे ७,५४१. लांबी सुमारे ८४ सेंटिमीटर, रुंदी ५६, उंची २१. म्हणजे ३३ इंच बाय २२ इंच बाय सव्वाआठ इंच. बाजारात आला २०१७ साली, तेव्हा अमेरिकेत किंमत ८०० डॉलर, नंतर ती ८५० झाली. त्याआधी २००७ साली याच यानाचा १०१७९ क्रमांकाचा संच निघाला होता, ५,१९५ तुकड्यांचा. दोन्ही मी हाताळले आहेत. जुना लांबून भारदस्त दिसतो, पण जवळ गेलं की त्याची पाठ उघडीबोडकी वाटते. नव्याची जवळूनच बघावी.

आता जोडणी. सुरुवातीचा बराच भाग सांगाडा उभा करण्यात जातो. भोकांच्या लांब दांड्या, पिना आणि विटा मिळून एक चौकट तयार होते आणि पुढचं सगळं वजन ती पेलते. इथं घाई करणारे नंतर पस्तावतात, कारण एक पीन अर्धवट बसली तर ती कळते वरचे पत्रे बसवताना, आणि तोवर ती आत गाडली गेलेली असते. प्रत्येक पीन बसल्यावर अंगठ्याने पुन्हा एकदा दाबायची सवय लावून घ्या. वरचे पत्रे मात्र बघण्यासारखे आहेत. पाचरीच्या आकाराचे मोठे तुकडे वेगळे जोडायचे आणि मग सांगाड्यावर टेकवायचे. काही बिजागरीने अडकतात, काही नुसते आपल्या वजनाने बसून राहतात. त्यामुळे ते उचलून आतलं दाखवता येतं, आणि त्यामुळेच हे यान कडेला धरून उचलायचं नाही. पाहुणे नेमके कडेलाच धरतात.

आत काय आहे? गोल पटाचा खेळ, त्याच्या भोवतीची बैठक, मागच्या बाजूला यंत्रांची खोली, वर-खाली तोफांच्या जागा. चालकांच्या खोलीत चार माणसं बसतात, आणि त्या खोलीवरची काचेची टोपी छापील आहे, स्टिकरची नाही, हे बरं केलं. माणसं दोन पिढ्यांची दिली आहेत, तरुण कप्तानही आणि म्हातारा कप्तानही. अँटेनाही दोन, जुन्या चित्रपटांची गोल आणि नव्यांची चौकोनी. तुमच्या-माझ्या वयाचा माणूस गोलच लावतो, त्याबद्दल चर्चा नको.

उणिवाही ऐका, कारण एवढे पैसे घालताना गोड बोलून उपयोग नाही. आतला भाग म्हणजे दोन-तीन कोनाडेच आहेत. मधली बरीच जागा सांगाड्याने खाल्ली आहे. पत्रे उचलून 'पूर्ण जहाज' दिसेल या आशेने घेऊ नका. दोन पत्र्यांमध्ये फटी राहतात आणि त्या समोरून दिसतात. पोटाची बाजू पाठीच्या मानाने साधी आहे. दिवा एकही नाही. मागचा निळा इंजिनपट्टा उजळायचा असेल तर बाहेरची दिव्यांची माळ वेगळी घ्यावी लागते. आणि कडेच्या पट्ट्या जोडताना तेच ते काम इतक्या वेळा करावं लागतं की हौस असलेला माणूसही जांभया देतो. माहितीचा काळा फलक मात्र स्टिकरचा आहे, आणि तो एकदाच, सरळ, बुडबुडा न येता लावायचा असतो. त्यासाठी साबणाच्या पाण्याचा एक थेंब फलकावर फिरवा, स्टिकर सरकवत जागेवर आणा आणि मऊ कापडाने पाणी बाहेर काढा. गाडीच्या काचेला फिल्म लावणारे हेच करतात.

जोडायला बसाल ते दिवाळीनंतर बसा. एक तर थंडीत रात्री टेबलाशी बसवतं, आणि कूलर-पंख्याचा वारा नसतो. जेवणाचं टेबल अडवू नका. साडेतीन फूट बाय तीन फुटांचा प्लायवूडचा पाट करून घ्या, म्हणजे पाहुणे आले की सगळं तसंच दिवाणाखाली सरकवता येतं. पिशव्यांवर टप्प्यांचे आकडे आहेत, एका वेळी एकाच टप्प्याच्या पिशव्या फोडा. तुकडे रंगावरून निवडायला जाल तर वेड लागेल, कारण सगळं करडंच आहे, आकारावरून निवडा. स्टीलची ताटं आणि मिठाईचे रिकामे डबे यांना तोड नाही. वरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात फिकट आणि गडद करडा सारखेच दिसतात, म्हणून डाव्या हाताला पांढरा एलईडी दिवा ठेवा. थंडी हाच भरताचा हंगाम असतो. भरीत-पुरी खाऊन तसेच बसू नका. तेलकट बोट करड्या प्लॅस्टिकवर लगेच दिसत नाही, पण पुढे धूळ त्याच ठशावर धरते.

आता ऊन. लोक घाबरतात ते वितळण्याला, आणि ती भीती खोटी आहे. या विटा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. १९६३ पासून कंपनी तेच वापरते. एबीएस मऊ पडायला शंभर अंशांच्या आसपास जावं लागतं. धुळ्यात पारा ४५ च्या पुढे गेला तरी खोलीतलं यान वाकणार नाही. पण उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचं तसं नाही. तिथं तापमान बाहेरच्यापेक्षा फार वर जातं, आणि डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखाली ठेवलेला पातळ तुकडा वाकडा होऊ शकतो. कुरिअरचं खोकं गाडीत ठेवून दुपारभर बाजार करू नका, एवढंच पाळा. पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावरही ठेवू नका.

खरं नुकसान उजेड करतो. थेट सूर्यप्रकाशातली अतिनील किरणं एबीएस पिवळं पाडतात. उष्णता त्याला हातभार लावते. पांढऱ्या विटांवर हे आधी दिसतं, करड्यावर उशिरा, पण करडाही हळूहळू मातकट होतो. आणि सगळीकडे सारखा नाही, ज्या बाजूला खिडकी त्याच बाजूला. पश्चिमेच्या खिडकीसमोरची जागा म्हणून बाद. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवून उन्हात ठेवलं की पिवळेपणा उतरतो, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. उतरतो, पण काही काळाने परत चढतो. साडेसात हजार तुकड्यांवर हा उद्योग कोण करणार? पडदा स्वस्त आहे.

लालसर तपकिरी रंगाच्या तुकड्यांबद्दल एक सूचना. लेगोच्या काही वर्षांच्या उत्पादनात हा रंग आणि गडद लाल हे ठिसूळ निघाले, हे जुन्या संग्राहकांना माहीत आहे. कुठलाही जुना संच उघडताना त्या रंगाचे तुकडे वाकवून नका काढू, विटा सुट्या करायची लेगोची नारंगी पट्टी असते, तिने हळू उचला. फाल्कनमध्ये तो रंग थोडाच, म्हणून चिंता कमी.

आता मुख्य दुखणं, धूळ. पावसाळा सोडला तर आपल्याकडे खिडकी उघडी राहिली की तासाभरात बोटाने नाव लिहिता येतं. धूळ सपाट वस्तूवरून फडक्याने जाते. ग्रीबलवरून जात नाही. फडकं फिरवलं की ते आधी तोटी उपटतं, मग चकती, आणि धूळ मात्र कोपऱ्यात जाऊन घट्ट बसते. त्यासाठी मेकअपचा मऊ, जाड केसांचा ब्रश आणि कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारा रबरी फुगा, एवढंच हत्यार. ब्रशने सैल करायची, फुग्याने उडवायची, पाठीकडून कडेकडे. गाड्या धुण्याच्या दुकानातल्या हवेच्या पाइपाकडे बघूही नका.

धुळीहून वाईट म्हणजे कूलर. हे पुण्या-मुंबईच्या संग्राहकांना सांगून समजत नाही. आपलं बोअरचं पाणी जड, क्षारांचं. कूलरच्या वाऱ्याबरोबर त्याचे बारीक तुषार खोलीभर जातात, सुकतात आणि पांढरा ठिपका मागे ठेवतात. टीव्हीच्या काळ्या काचेवर तुम्ही ते रोज पुसत असाल. फाल्कनच्या गडद करड्या भागांवर ते ठिपके बसले आणि वर धूळ बसली की लोण्यासारखा नव्हे, सिमेंटसारखा थर होतो आणि ब्रशला दाद देत नाही. मग तो पत्रा सुटा करून तुकडे धुण्यावाचून इलाज उरत नाही. धुताना नळाचं पाणी वापरलंत तर तेच क्षार पुन्हा बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा, त्यात भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन थेंब टाका, तासभर भिजवा, पुन्हा डिस्टिल्डमध्ये खळबळा. कंपनी सांगते की ४० अंशांपेक्षा गरम पाण्यात विटा धुऊ नयेत. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्याहून गरम येतं, हे लक्षात ठेवून धुणं सकाळी काढा. वाळवायचे ते सावलीत, सुती पंचावर. हेअर ड्रायर नको.

म्हणून पेटी. आणि इथं वहिनींच्या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ आली.

तुमच्या घरात भिंतीतलं शोकेस असेल तर ते विसरा. आपल्याकडची शोकेस बारा ते पंधरा इंच खोल असतात, आणि यान बावीस इंच रुंद आहे. ते आडवं बसत नाही, तिरपं बसत नाही, यानाची पुढे आलेली दोन टोकं, म्हणजे जबडे, काचेवर आपटतात. भिंतीला तिरपं लावायचे ॲक्रिलिकचे स्टँड मिळतात, दिसतातही झकास, पण मघाशी म्हटलं तसे काही पत्रे नुसते टेकवलेले आहेत. तिरपं करायचं तर ते आधी अडकवून पक्के करावे लागतात. शिवाय तिरप्या यानाची पेटी मोठी, उंच आणि महाग होते. माझा सल्ला बैठ्या टीपॉयचा. बैठकीत टीपॉय असतोच. तो काढून त्या जागी लाकडी चौकटीचा, वरून आणि चारी बाजूंनी काच असलेला टीपॉय करून घ्या. आतलं माप किमान ९५ बाय ६८ सेंटिमीटर, उंची ३२. वरची काच टफन्ड घ्या, कारण तिच्यावर चहाचे कप येणार आणि कधीतरी एखादं पोर बसणारच. वरून यान दिसतं ते नेमकं पाठीकडून, म्हणजे जे बघायचं तेच. कपाटात ठेवलेल्या यानाची पाठ कुणाला दिसते? वहिनींना सांगा, जास्तीची जागा लागत नाही, एक टीपॉय जातो आणि एक येतो.

काच की ॲक्रिलिक, हा प्रश्न दर वेळी येतो. ॲक्रिलिक हलकं, पण पुसलं की त्यावर स्थिर वीज तयार होते आणि ते धूळ ओढतं. वर चरे पडतात. इथं काचच. सुताराला सांगा, काच खाचेत बसवताना कडेला पातळ रबरी पट्टी टाक, आणि एक बाजू सरकती न ठेवता उचलून काढायची ठेव. सरकत्या काचेच्या फटीतून धूळ जातेच, आणि पालीचं पिल्लूही जातं. नवीन पॉलिशचा वास पूर्ण उडाल्याशिवाय, दोन आठवडे तरी, यान आत ठेवू नका. झुरळांसाठी डांबरगोळ्या तर आत मुळीच नकोत. त्यांची वाफ अशा प्लॅस्टिकला बाधते. तुकडा सुटत असेल म्हणून फेविक्विकही नको. त्याच्या वाफेने आजूबाजूच्या तुकड्यांवर, विशेषतः पारदर्शक भागांवर, पांढुरकी झाक बसते आणि ती जात नाही.

यान पेटीत ठेवायला दोन माणसं लागतात. चार हात पोटाखाली, सांगाड्यापाशी, पायांच्या जवळ. एकाने 'झालं' म्हटल्याशिवाय दुसऱ्याने हात काढायचा नाही. ठेवून झालं की बैठकीत येणारा प्रत्येक जण काही ना काही म्हणतोच. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या आजीने काचेवरून वाकून विचारलं होतं, "हाई काय शे भो, कासव शे का?" चुकीचं काहीच नव्हतं त्यात, मूळ आकार तसाच आहे.

पैशाचं. ८५० डॉलर, डॉलर ८५ रुपये धरला तरी ७२ हजार होतात. त्यावर आपल्याकडचं आयातशुल्क. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० साली २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्क्यांवर. त्यामुळे भारतातल्या अधिकृत विक्रेत्याची किंमत आणि अमेरिकेतली किंमत यांची तुलना करून मनस्ताप करून घेऊ नका. 'भाचा येताना आणेल' हा मार्ग अनेक जण काढतात. खोकं मोठं आहे, विमानाच्या सामानात बरीच जागा खातं. म्हणून बहुतेक वेळा आतल्या पिशव्या आणि पुस्तक तेवढं येतं, खोकं तिकडेच राहतं. शुल्कमुक्त सामानाची मर्यादा त्या वेळी काय आहे ते त्याला निघण्याआधी बघायला सांगा. आणि पुस्तकाचं वजनही धरायला सांगा. ते जाडजूड आहे, भाच्याच्या दुसऱ्या सामानातून काहीतरी वगळावं लागेल.

कुरिअरने मागवलंत तर खोकं फोडताना सलग व्हिडिओ काढा, सील दिसेल असा. आत एखादी पिशवी कमी निघाली किंवा तुकडा नसला तर कंपनी तो पाठवते, पण नोंद करताना तुकड्याचा क्रमांक लागतो. तो पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर चित्रासकट असतो. सगळे टप्पे जोडून झाल्यावर थोडे बारीक तुकडे उरतातच. ते चुकून राहिले नाहीत, हरवतील म्हणून जास्तीचे दिलेले असतात.

भाव चढतो का? २००७ चा संच बाजारातून गेल्यावर त्याचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट झाला, हे खरं. पण २०१७ ला नवा, मोठा, अधिक चांगला संच आला आणि त्या जुन्याचा भाव खाली आला, हेही तितकंच खरं. आणि नवा संच वर्षानुवर्षं दुकानात मिळतोच आहे. भाव चढेल म्हणून न उघडता माळ्यावर ठेवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्या माळ्यावर उष्णता आहे, वाळवी आहे, उंदीर आहेत, आणि खोकं जरा दबलं की संग्राहक भाव पाडून मागतो. ज्याला पैसे वाढवायचे आहेत त्याने जळगावच्या सराफ बाजारात जावं. तिथं वस्तू विकायला व्हिडिओ काढावा लागत नाही. तुम्ही जोडणार असाल तर किंमत वसूल झालीच म्हणा, आणि जोडलेलं, स्वच्छ, पुस्तकासकट असलेलं यान पुढेमागे बऱ्यापैकी भावाने जातंही.

चिनी संच. बोलायला अवघड, कारण आपल्याकडे ते घेणारे माझे मित्र आहेत. २०१९ मध्ये शांघायच्या पोलिसांनी 'लेपिन' या नावाने नकली संच काढणाऱ्यांवर छापा घातला, माणसं पकडली. त्यानंतरही वेगवेगळ्या नावांनी तो माल येत राहिला. नीतीचं बाजूला ठेवून कारागीर म्हणून सांगतो. लेगोच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर असतं, आणि १९५८ ची वीट आजच्या विटेवर बसते, कारण साच्याची अचूकता मिलिमीटरच्या शंभराव्या भागात पाळली जाते. छोट्या घराच्या संचात थोडी चूक चालून जाते. इथं ३३ इंचांवर ती साचत जाते. नकली संचाच्या सांगाड्यात प्रत्येक जोडाला थोडा सैलपणा असतो, आणि शेवटी पुढचे दोन जबडे खाली झुकतात. वरचे पत्रे टेकवायला जावं तर फट एका बाजूला बोटभर आणि दुसऱ्या बाजूला शून्य. उन्हाळ्यात तो सैलपणा वाढतो, असं माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या नकली संचांवरून म्हणतो. करड्याच्या छटाही पिशवीगणिक बदलतात. असला संच सरळ करायची मजुरी मी सांगतो तेव्हा समोरचा गप्प होतो. शिवाय सांगणं भाग आहे: १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतात आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. तुमचं यान मोठ्यांसाठी आहे हे मान्य, पण घरात लहान मूल असेल तर कुठल्या प्लॅस्टिकचे, कुठल्या रंगाचे सात हजार बारके तुकडे घरात आणतो आहोत याचा विचार करा.

तुमचं बजेट पेटीसकट बसत नसेल तर दोन पर्याय मला आवडतात. एक, लेगोचंच अमेरिकी शटल डिस्कव्हरी, १०२८३, २०२१ चं. तुकडे २,३५४, लांबी सुमारे ५४ सेंटिमीटर, पंखांची रुंदी ३४, सोबत हबल दुर्बीण, कारण १९९० साली डिस्कव्हरीनेच ती अंतराळात सोडली. हे खोल शोकेसमध्ये बसतं, आणि खरं यान असल्याने मुलांना सांगायला गोष्ट आहे. फक्त ते पांढरं, म्हणून उजेडापासून दुप्पट जपा. दुसरा, बांदाई या जपानी कंपनीचा १:७२ प्रमाणातला फाल्कन, हाही २०१७ चाच, सुमारे ४८ सेंटिमीटर. ते विटांचं नाही, किट आहे. चौकटीतून भाग कापून जोडायचं. पाठीची नक्षी लेगोपेक्षा कितीतरी बारीक आणि चित्रपटातल्या मॉडेलच्या जवळ जाणारी. पण रंगवायची तयारी हवी, आणि स्प्रे आपल्याकडे मार्च ते जूनमध्ये मारायचा नाही. कोरड्या गरम हवेत रंगाचा थेंब पृष्ठभागावर पोचायच्या आतच सुकतो आणि अंगावर पिठासारखा खरबरीत बसतो. मारायचा तो डिसेंबर-जानेवारीत, सकाळी.

राहिला शेवटचा प्रश्न, सुट्या तुकड्यांचा. जोडणीचं पुस्तक कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट आहे, आणि ब्रिकलिंक नावाच्या बाजारात, जो २०१९ पासून लेगोच्याच मालकीचा आहे, जगभरचे विक्रेते सुटे तुकडे विकतात. कागदावर हिशेब मोहात पाडतो. प्रत्यक्षात सगळे तुकडे एका विक्रेत्याकडे कधीच मिळत नाहीत. दहा-पंधरा जणांकडून, दोन-तीन देशांतून मागवावे लागतात, प्रत्येकाचं टपाल वेगळं आणि प्रत्येक पाकिटाची सीमाशुल्काची कटकट वेगळी. छापील काचेची टोपी आणि अँटेना यांसारखे मोजके भाग एकटेच एवढे महाग पडतात की सगळी बचत तिथं जाते. ज्याच्याकडे आधीच करड्या विटांची पोती भरून आहेत, त्याने हा मार्ग धरावा. तुमच्याकडे तशी नाहीत असं धरून सांगतो: संच अखंड घ्या, आणि ऑर्डर देण्याआधी देवपुरातल्या तुमच्या सुताराला वरची मापं देऊन टीपॉयचा भाव विचारून ठेवा.